जाहिरातीतले 'चार लोक' नेमके कोण?

पर्वती_पायथा (धागाकर्ता)

जाहिरात कोणासाठी आहे असं विचारलं की बहुतेक जण वय, उत्पन्न आणि भाग सांगून मोकळे होतात. पण कोथरूडमधली दोन घरं घ्या. दोन्हीकडे नवरा-बायको नोकरीत, एक मूल, गृहकर्जाचा हप्ता चालू. एका घराला सोसायटीतल्या नजरांची फिकीर, दुसऱ्याला लातूरकडच्या चुलत्यांची. या दोन घरांना एकच गोष्ट विकायला दोन वेगळ्या जाहिराती लागतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की जाहिरातीत गिऱ्हाईक शोधण्याआधी साक्षीदार शोधावा. 'चार लोक काय म्हणतील' मधले चार लोक तिने कोणते निवडलेत ते कळलं की ती कोणावर रोखलेली आहे ते आपोआप कळतं.

बघायची रीत सोपी आहे. आवाज बंद करा. वस्तू वापरणाऱ्याकडे कोण बघतंय ते टिपा: सासू, वर्गशिक्षिका, साहेब, शेजारी, डॉक्टर, स्वतःचंच मूल. मग त्या बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघा. कौतुक, हेवा, कीव आणि काळजी हे चार भाव आलटून पालटून येतात. शेवटी तो साक्षीदार मनातल्या मनात चौकटीतून काढून टाका. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून दारात आलेले पाहुणे काढले तर एक डबा आणि नळ उरतो. पंख्याच्या जाहिरातीतून माणसं काढली तरी वारा उरतो.

यातून एक नियम निघतो. स्कूटर, मोबाइल, दागिना, गाडी या चारचौघांत दिसणाऱ्या वस्तू. त्यांना साक्षीदार आयता मिळतो. विमा, गादी, पाण्याचं यंत्र, बनियन या न दिसणाऱ्या वस्तूंना तो पैसे देऊन उभा करावा लागतो. ओनिडाने ऐंशीच्या दशकात टीव्ही विकताना शेजाऱ्याचा हेवा उघडपणे मांडला, शिंगं-शेपटीच्या सैतानासकट. आपल्या आकुर्डीच्या बजाजने १९८९ च्या 'हमारा बजाज' मध्ये शेजारी काढून अख्खा देश साक्षीला उभा केला. स्कूटर तीच राहिली, पण ती घेणारा माणूस हेवेखोर न दिसता देशाचा एक भाग दिसू लागला.

आणखी उदाहरणं टाका. जमल्यास पुण्यातली.

---

आकडेमोड

साक्षीदाराची कल्पना पटली, पण पैसा अजूनही वर्गवारीवरच खर्च होतो, ते सांगून ठेवतो.

भारतात २०११ पासून घरांची एनसीसीएस नावाची वर्गवारी वापरात आली. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ गोष्टींपैकी किती घरात आहेत, या दोनच प्रश्नांवर घर ए-१ ते ई-३ अशा १२ खणांपैकी एकात पडतं. त्या ११ गोष्टी: वीजजोडणी, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, संगणक, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. त्याआधीच्या पद्धतीत शहरांत मुख्य कमावत्याचा व्यवसाय आणि शिक्षण बघत.

यात गोम अशी, की ही वर्गवारी घरात काय आहे ते सांगते, ते का आणलं ते सांगत नाही. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात एसी नसलेलं निवृत्त प्राध्यापकाचं घर आणि वाकडमधलं हप्त्यांवर सगळं घेतलेलं नवं घर यांचे खण शेजारी-शेजारी येऊ शकतात. माध्यम निवडायला खण पुरतो. मजकूर लिहायला पुरत नाही. तिथे पर्वती_पायथांचे चार लोक लागतात.

---

नऊवारी

एक साक्षीदार राहिला: सोफ्यावर शेजारी बसलेला माणूस.

संध्याकाळच्या मराठी मालिका सासू-सून एका खोलीत बघतात. तिथली जाहिरात सुनेला खूश करताना सासूला दुखवू शकत नाही. म्हणून टीव्हीवरच्या मसाल्याच्या जाहिरातीत सून झटपट स्वयंपाक करते खरी, पण शेवटचा घास सासूच्या तोंडात जातो आणि मान तीच डोलावते. वेळ वाचला ही गोष्ट सुनेसाठी, अधिकार शाबूत राहिला ही सासूसाठी. दहा-वीस सेकंदांत दोघींचा मान राखणं हे कसबाचं काम आहे, ते मात्र मानायला हवं.

मोबाइलवर माणूस एकटा असतो. म्हणून केस गळणं, कर्ज, वजन, गर्भनिरोधक या जाहिराती तिथे थेट बोलतात. तोच मजकूर उचलून टीव्हीवर टाकला की घरातलं कोणीतरी रिमोट शोधतं. जाहिरात फसली म्हणून एजन्सी कलाकार बदलत बसते, चूक खोलीची असते.

---

रविवारपेठी

उगाच तत्त्वज्ञान करताय. जाहिरातवाले समाजात जे आहे तेच दाखवतात. समाज बदलला की जाहिरात बदलेल.

---

नऊवारी

@रविवारपेठी, अर्धं खरं आहे. केळवणाचंच घ्या. घरी जेवायला बोलवायचं, ओटी भरायची, आहेर द्यायचा, झालं. आता पुण्यात हॉटेलांत केळवण थाळी मिळते. पितळी ताटं, चौरंग, फुलांच्या रांगोळ्या आणि नावाची पाटी भाड्याने मिळते. ही गरज समाजाने मागितली म्हणून आली नाही. क्रम साधारण असा असतो: एखाद्या नटीच्या केळवणाचे फोटो येतात, छायाचित्रकार आणि सजावटवाले तशाच चित्रफिती स्वतःच्या कामाची जाहिरात म्हणून टाकतात, मग दुकानाच्या काचेत 'केळवण स्पेशल' साडी लागते. शेवटी ज्या घरात साधं जेवण केलं त्या घराला 'आम्ही आपलं साधंच केलं' असा खुलासा करावासा वाटतो. खुलासा द्यावा लागला म्हणजे प्रथा पक्की झाली असं समजा.

हळदीचे पिवळे कपडे, लग्नाआधीचं छायाचित्रण, डोहाळजेवणाचा झोपाळा, सगळ्याचा रस्ता हाच. बाहेरचं जुनं उदाहरण हवं तर हिऱ्याची अंगठी. 'हिरा सर्वकाळ टिकतो' या अर्थाची डी बीअर्स या हिरे कंपनीची इंग्रजी ओळ १९४७ ची. किती पगाराची अंगठी घ्यावी हेसुद्धा पुढे त्याच कंपनीने लोकांना शिकवलं.

---

मुळाकाठ

संशोधनाच्या बाजूने थोडं, कारण 'सगळे करतात' असं लिहिलं की काम होतं हा मोठा गैरसमज आहे.

रूढी दोन प्रकारची. लोक प्रत्यक्षात काय करतात ती एक, आणि लोकांना काय योग्य वाटतं ती दुसरी. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरक प्रयोगांतून दाखवला. ॲरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. 'आजवर अनेकांनी तुकडे नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललं' अशी पाटी लावली तेव्हा खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के गेले. 'कृपया नेऊ नका' या पाटीला २ टक्क्यांहून कमी. पहिल्या पाटीने नकळत सांगितलं, की सगळेच नेतात.

आता आपल्याकडची हेल्मेटची फलकबाजी आठवा. 'पुण्यातले बहुतांश दुचाकीस्वार हेल्मेट घालत नाहीत!' हे वाचून विनाहेल्मेटवाल्याला धीर येतो, आपण बहुमतात आहोत म्हणून. त्यातून हे हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणारं शहर. इथे पोलीस साक्षीदार म्हणून उभा केला की माणूस हटून बसतो. साक्षीला घरचं माणूस हवं, आणि आकडा द्यायचाच तर घालणाऱ्यांचा.

आकडा केव्हा वापरायचा, त्याचा एक घरगुती सर्व्हे होतो. दोन प्रश्न विचारा. तुम्ही हे करता का? आणि तुमच्यासारख्या दहा घरांपैकी किती जण करत असतील? खरं उत्तर सात आणि अंदाज तीन आला तर आकडा छापा, तोच सगळ्यात जोरदार मजकूर. खरं उत्तरच दोन असेल तर आकडा लपवा आणि वाढ सांगा: 'गेल्या वर्षीपेक्षा आता तिप्पट घरं हे करतात.' स्पार्कमन आणि वॉल्टन यांच्या २०१७ च्या अभ्यासात 'काही लोक मांस कमी खातात' असं वाचलेल्यांपैकी १७ टक्क्यांनी बिनमांसाचं जेवण मागवलं. 'लोक आता कमी करू लागलेत' असं वाचलेल्यांत हेच प्रमाण ३४ टक्के झालं.

तिसरी गोष्ट जवळिकीची. हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरा असं सांगताना 'आमचे पाहुणे' यापेक्षा 'याच खोलीत राहिलेले पाहुणे' हा मजकूर जास्त चालला, २००८ चा अभ्यास. खोलीत आधी कोण राहिलं याच्याशी आपलं काही नातं नसतं, तरीही. म्हणून 'भारताची पसंती' पेक्षा 'कर्वेनगरची पसंती' लिहिणारा दुकानदार अडाणी नसतो.

---

रविवारपेठी

टॉवेलवाला मुद्दा आवडला. बाकीचा विरोध राखून ठेवतो.

---

कलम_बारा

बांधकाम जाहिरातींवर कोणी लिहिलं नाही, पुण्याच्या धाग्यात हे नवलच.

हिंजवडीजवळचा दोन बेडरूमचा एकच प्रकल्प तीन तऱ्हेने विकला जातो. मराठवाडा-विदर्भातल्या आवृत्त्यांत 'मुलाचं पुण्यात स्वतःचं घर', साक्षीदार गावातले सोयरे आणि लग्नाच्या बाजारातले मुलीकडचे. आयटीतल्या जोडप्याला मोबाइलवर 'अजून भाड्याने?', साक्षीदार बरोबरीचे सहकारी. साठीच्या पुढच्यांना पुरवणीत बाग, मंदिर आणि दवाखान्याचं अंतर. तिथला साक्षीदार परदेशातला मुलगा, ज्याला आई-वडील सुरक्षित आहेत असं चार मित्रांत सांगता यावं.

शब्दांकडेही बघा. 'मोजक्या कुटुंबांसाठी', 'समविचारी शेजार', 'सुसंस्कृत परिसर', 'शाकाहारी संकुल'. जात किंवा धर्म कुठेही लिहिलेला नसतो. ज्याला आत घ्यायचं त्याला आमंत्रण कळतं, ज्याला नको त्याला निरोप कळतो. माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात वाईट प्रकार हाच आहे, आणि लेखी काही नसल्यामुळे पकडायला सगळ्यात अवघड.

पकडता येतं ते असं. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१६ चा; महारेरा, म्हणजे त्याखालचं महाराष्ट्राचं प्राधिकरण, १ मे २०१७ पासून. प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराचं संकेतस्थळ हवंच. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा, नसल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड. कोड स्कॅन करून तीन गोष्टी जुळवा: ताबा देण्याची नोंदलेली तारीख, चटईक्षेत्र आणि चित्रातला पोहण्याचा तलाव मंजूर आराखड्यात आहे का. बऱ्याचदा तो 'पुढच्या टप्प्यात' निघतो. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर कलम १२ खाली भरपाई मागता येते, व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसेही. त्यासाठी मूळ जाहिरात जपून ठेवावी लागते. घडीपत्रक रद्दीत घालू नका.

---

आकडेमोड

कलम_बारांच्या 'लेखी काही नसतं' ला मोबाइलवर आणखी एक पदर आहे.

फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीने १९ जानेवारी २०२२ पासून धर्म, आरोग्य, राजकीय कल यांसारख्या नाजूक विषयांवर आधारलेले निवडीचे सविस्तर पर्याय काढले. पण दुकानदाराच्या हातात तीन हत्यारं राहिलीच. पत्त्यावर पिन टाकून भोवतीचं लहानसं वर्तुळ आखता येतं. आपल्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर चढवता येतात. त्या यादीत एका देशातले किमान १०० जण जुळले, की 'यांच्यासारखे आणखी' शोधता येतात. आता तुमची जुनी गिऱ्हाइकं एकाच जातीची, एकाच पेठेतली असतील तर 'यांच्यासारखे' कोण निघतील?

शिवाय चित्र स्वतःच चाळणीचं काम करतं. अमेरिकेत नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की निवड सगळ्यांसाठी खुली ठेवली तरी शरीरसौष्ठवाची जाहिरात बहुतांश पुरुषांना आणि प्रसाधनांची बहुतांश स्त्रियांना पोचते. यंत्रणा अंदाज बांधते, कोण बोट लावेल याचा, आणि तिथेच दाखवते. घरांच्या जाहिरातींतल्या भेदभावाबद्दल अमेरिकेच्या न्याय विभागाशी मेटाला जून २०२२ मध्ये तडजोड करावी लागली. म्हणजे नथ आणि पैठणीतली बाई चित्रात टाकली, तर ती जाहिरात कोणाला दिसेल हे ठरवायला वेगळं बटण लागत नाही.

कोणाला काय दाखवतात हे बघायचं असेल तर मेटाची ॲड लायब्ररी उघडा, देश भारत ठेवा, पानाचं नाव टाका. चालू असलेल्या सगळ्या जाहिराती दिसतात. एकाच क्लासच्या पाच आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवल्या की चार लोक कसे बदलतात ते आरशासारखं दिसतं: एकीत आई काळजीत, दुसरीत बाबा अभिमानात, तिसरीत मित्र पुढे निघून गेलेला. गूगलचंही २०२३ पासून असंच पारदर्शकता केंद्र आहे. आपल्याला जाहिरात का दिसली हे जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत असतं, पण उत्तर मोघम मिळतं. 'पुण्यात राहणारे, वय २५ ते ४५' एवढ्यावर बोळवण.

---

शनिवारची_भाजी

आईच्या अपराधभावावर चालणाऱ्या जाहिरातींचं काय? दुधात घालायच्या भुकट्या, उंची वाढवणं, हुशारी वाढवणं. यावर नियम नाहीत का?

---

कलम_बारा

आहेत, आणि बऱ्यापैकी कडक.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची, म्हणजे सीसीपीएची, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं ९ जून २०२२ ची. मुलांसाठीच्या जाहिरातींवर त्यात वेगळं कलम आहे. खुलासा ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत हवा, हेही त्यात आहे. म्हणजे मराठी जाहिरातीखाली मुंगीएवढ्या इंग्रजीत 'अटी लागू' चालत नाही. दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीवर वर्षभराची बंदी येऊ शकते, पुन्हा चुकल्यास तीन वर्षांची. भुकट्यांबाबत एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या खणातून काढा. अन्नसुरक्षा कायद्यात त्या नावाची व्याख्याच नाही.

आस्की, म्हणजे भारतीय जाहिरात मानक परिषद, १९८५ ची. ती उद्योगाची स्वतःची संस्था, सरकारी नव्हे. गोरेपणाच्या जाहिरातींत सावळी व्यक्ती दुःखी, अपयशी किंवा लग्नाला अडलेली दाखवू नये, ही तिची २०१४ ची सूचना. लिंगभेदी साच्यांबद्दलची जून २०२२ ची. १९७५ पासून चाललेल्या फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झालं. 'फेअर' गेलं, पण जाहिरातीतली मुलगी काय लावल्यावर पुढे जाते ते प्रेक्षकाने स्वतः बघावं.

क्लासेसचं म्हणाल तर शास्त्री रस्त्यावरचे फलक वाचायला सीसीपीएची १३ नोव्हेंबर २०२४ ची तत्त्वं हाताशी ठेवा. यशस्वी उमेदवाराचा फोटो लावायला निकालानंतर घेतलेली त्याची लेखी संमती हवी. त्याने कोणता अभ्यासक्रम केला आणि त्याचे पैसे भरले होते का, हेही सांगायला हवं. पूर्वी काय चालायचं? मुलगा फक्त मुलाखतीच्या सरावाला दोन दिवस आलेला, तोही फुकट, आणि फलकावर आमचा विद्यार्थी. एकच चेहरा चार क्लासच्या फलकांवर दिसला तर कारण हे. निवडीची हमी आणि 'शेवटच्या काही जागा' अशी खोटी घाई यांनाही त्यात मनाई आहे.

आणि ऑनलाइन खरेदीतलं ते बटण, 'नको, मला कुटुंबाची काळजी नाही' छापाचं. लाजवून होकार घेण्याचा हा प्रकार सीसीपीएच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या तत्त्वांत नावानिशी आहे, मनाई केलेल्या १३ प्रकारांपैकी एक.

तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, आस्कीचं संकेतस्थळ, घरासाठी महारेरा. वर्तमानपत्र असेल तर आवृत्ती, तारीख, पान. फलक असेल तर चौक आणि फोटो. मोबाइल असेल तर तारखेसकट स्क्रीनशॉट आणि ॲड लायब्ररीतला दुवा. 'भावना दुखावल्या' असं लिहिलेल्या तक्रारीपेक्षा 'हा दावा खोटा आहे, हा पुरावा' असं लिहिलेली पुढे सरकते.

---

रविवारपेठी

मग भावना दुखावल्याच्या आरड्याओरड्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कची डोहाळजेवणाची जाहिरात कशी मागे गेली? तिथे खोटा दावा कुठला होता?

---

नऊवारी

नव्हताच. कायद्याने नाही गेली, कंपनीने घेतली. आंतरधर्मीय घरात सुनेचं डोहाळजेवण दाखवलं, आणि दागिना घेणाऱ्यांच्या चार लोकांपैकी काही जण तयार नव्हते. २०१५ पासूनची एरिअलची 'शेअर द लोड' मोहीम टिकली, कारण तिने कपडे धुणाऱ्या पुरुषाला साबणाच्या गिऱ्हाइकासमोर, म्हणजे बाईसमोर, उभं केलं. तिला ते आवडणारच होतं. तुमचा विरोध आता किती राखून ठेवलाय?

---

शनिवारची_भाजी

एक व्यवहारातला प्रश्न. सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करण्याबद्दल सूचना लावायची आहे. ४० घरं, त्यातली साधारण २६ करतात. मसुदा असा: 'वारंवार सांगूनही अनेक सभासद कचरा वेगळा करत नाहीत. ही खेदाची बाब आहे. दोषी सदनिकांची नावं फलकावर लावण्यात येतील.'

---

मुळाकाठ

'अनेक सभासद करत नाहीत' हे वाक्य पहिलं काढा, ते पेट्रिफाइड फॉरेस्टची पाटी आहे. २६ हा आकडा तुमच्या बाजूचा आहे, तो वर घ्या: 'आपल्या ४० पैकी २६ घरं कचरा वेगळा देतात.' इमारती दोन असतील तर इमारतवार आकडे द्या, मजलेवार नको. मजल्यावर दोनच घरं असली की भांडण लागतं.

एक धोका. कॅलिफोर्नियातल्या २००७ च्या विजेच्या प्रयोगात शेजाऱ्यांची सरासरी कळवल्यावर जास्त वापरणारे खाली आले, पण कमी वापरणारे वर गेले. त्यांच्या चिठ्ठीवर हसरा चेहरा काढला तेव्हा ते थांबलं. म्हणून २६ जणांचे आभार त्याच सूचनेत माना, वेगळ्या कागदावर नाही.

नावं लावू नका. ज्याचं नाव लागतं तो पुढच्या सभेत पार्किंगचा विषय काढतो. त्याऐवजी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना सुका कचरा हाताने निवडावा लागतो एवढं लिहा. त्या रोज दारात येतात, साक्षीदार म्हणून त्यांच्याइतकं जवळचं दुसरं कोणी नाही. फक्त त्यांचा फोटो लावायचा असेल तर आधी त्यांना विचारा. कागद लिफ्टमध्ये डोळ्यांच्या उंचीला लावा, दर महिन्याला नवा आकडा टाका. आकडा घसरला तर त्या महिन्यात फक्त आभार ठेवा.

---

शनिवारची_भाजी

दोनच इमारती आहेत आणि दोघांचं आधीच जमत नाही. इमारतवार दिलं तर?

---

मुळाकाठ

मग एकत्रच द्या. चढाओढ लागली की एक इमारत दुसरीचा कचरा तपासायला जाते.